कुसगावच्या प्रार्थनाघरातली उंच खुर्ची

लोणावळ्याला जायचं आत्याने ठरवलं. माझ्या मुलीला, नेओमीला, मंगळवारी पहाटे मुलगा झाला. बुधवारी संध्याकाळी आत्या दवाखान्यात आली. तिने बाळाचा चेहरा बघितला, त्याच्या बापाच्या नाकाबद्दल एक वाक्य बोलली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "खुर्ची आणायला हवी."

कुठली खुर्ची, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. वाचणाऱ्यांना नसेल, म्हणून सांगते. आम्ही बेने इस्राएल. मराठी बोलणारे ज्यू. आमचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. आमच्यात मुलगा झाला की आठव्या दिवशी त्याची सुंता होते. त्या वेळी एक खुर्ची मांडतात. ती एलियाहू हन्नाबीची, म्हणजे एलिया संदेष्ट्याची. बाळाला क्षणभर त्या खुर्चीवर ठेवतात आणि मग मांडीवर घेतात. एरवी त्या खुर्चीवर कोणीही बसत नाही. कितीही मोठा माणूस आला तरी नाही.

माझे आजोबा रेल्वेत होते. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिन लावायचं, त्या कामावर. त्यांच्यासारखी आणखी काही बेने इस्राएल कुटुंबं लोणावळ्यात होती. त्यांनी मिळून कुसगावला एक छोटं प्रार्थनाघर बांधलं, सिनेगॉग. खुर्ची आजोबांनी स्वतः करवून घेतली. माझे वडील, आत्याची मुलं, माझा भाऊ, सगळे आठ दिवसांचे असताना तिच्यावर ठेवलेले. नंतर कोणी पुण्याला आलं, कोणी मुंबईला, बरेचसे इस्रायलला गेले. माझा भाऊही गेला. त्याच्यानंतर आमच्या घरात मुलगा झाला तो हाच.

प्रार्थनाघराची जागा मधल्या काळात एका हॉटेलने घेतली. गेल्या वर्षी फोनवर फोटो फिरले. हॉटेलने वास्तू पाडली नाही, जतन केली, तिथे म्युझियम केलं. आम्ही खूश झालो होतो. आत्याने तो फोटो शेजारणींना दाखवला होता. हे मुद्दाम लिहिते आहे, म्हणजे आम्ही तिथे भांडायला गेलो नव्हतो हे कळावं.

शुक्रवारी सकाळी निघालो. शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत घरी परतायचं आणि शब्बाथचे दिवे लावायचे, हा आत्याचा नियम. म्हणून सकाळची लोकल. तुम्ही पुण्याहून जाणार असाल तर हीच गाडी घ्या. तिकीट टपरीवरच्या दोन चहांच्या किमतीत येतं आणि दुपारच्या वेळी बराच काळ लोकल नसते. डावीकडची खिडकी धरा. मळवलीच्या आसपास लोहगड आणि विसापूर त्याच बाजूला दिसतात. आत्याने खिडकी धरली आणि दोन्ही किल्ल्यांकडे बघितलं नाही. ती डबा कुठल्या पिशवीत ठेवला ते शोधत होती.

घोरावाडीला एक बाई मेथीच्या जुड्यांचं गाठोडं घेऊन चढली. आत्याच्या शेजारी टेकली. आत्याची नवी साडी बघून म्हणाली, "म्हायेरी निघाला काय, मावशी?"

"माहेरीच."

"कोन कोन हाय तितं?"

"कोणी नाही. तिकीट काढून आत जायचं आता."

बाई हसली. तिला तो विनोद वाटला असावा. कान्हे येईपर्यंत तिने आत्याला मेथी कशी निवडावी ते सांगितलं. आत्या आयुष्यभर मेथी निवडत आली आहे. तरी तिने सगळं ऐकून घेतलं.

लोणावळ्याला रिक्षाला मीटर नसतो, आधी ठरवून बसा. रिक्षावाल्याने आम्हाला पाहिल्याबरोबर यादी सुरू केली. टायगर पॉइंट, भुशी डॅम, मेणाचे पुतळे. आत्या म्हणाली, "पुतळे नकोत. आम्हाला खुर्ची बघायची आहे." त्याने माझ्याकडे बघितलं. मी हॉटेलचं नाव सांगितलं. इथे मी ते लिहिणार नाही. फुकट जाहिरात करायची इच्छा नाही. कुसगावला जाऊन जुन्या सिनेगॉगचं विचारलंत तर कोणीही दाखवेल.

म्युझियम उघडायला वेळ होता. फाटकासमोर एक चहाची टपरी आहे. पत्र्याचं छप्पर, एक बाक, मागे बुद्धाची छोटी तसबीर. चालवणारी बाई साठीच्या पुढची. आजूबाजूला सगळे तिला शांतामावशी म्हणत होते. आत्याने पाणी मागितलं. माठ चार लाकडी तुकड्यांवर ठेवलेला होता. गोल, कड्या कोरलेले तुकडे, तळाला पत्रा मारलेला. पाणी गार होतं. चहा चांगला होता, आलं भरपूर. वडापावही चांगला होता, पण आत्या बाहेरचं खात नाही. तिने डब्यातली चपाती-भाजी काढली.

"म्युझमला आलाय व्हय?" शांतामावशीने विचारलं.

"हो. आमचंच होतं ते."

शांतामावशीने चहाचं पातेलं खाली ठेवलं आणि आत्याकडे नीट बघितलं. "शनवारच्या देवळातली मानसं तुमी?"

"तुम्ही शनवारचं देऊळ म्हणता?"

"आमी तसंच म्हनायचो. शनवारी तुमी इस्तवाला हात लावायचा न्हाई ना. माझा सासरा यायचा दिवाबत्ती कराया. ल्हान हुतो तवापास्नं करतोय म्हनायचा."

शब्बाथला आम्ही आग पेटवत नाही, ते काम शेजारचा कोणी करतो. आत्याने त्याचं नाव विचारलं. शांतामावशीने सांगितलं. आत्या म्हणाली, "केरूभाऊ. एका कानाने कमी ऐकायचे."

"त्योच," शांतामावशी म्हणाली आणि पुन्हा पातेलं उचललं.  

फाटकातून आत गेलं की आधी हॉटेलचं हिरवंगार लॉन लागतं. मग पोहण्याचा तलाव. मग प्रार्थनाघर. तलावाच्या पलीकडे, ओल्या टॉवेलांच्या स्टँडशेजारी. तिकीट माणशी दोनशे. ज्येष्ठ नागरिकांना सवलत नाही, मी विचारलं. आत्या म्हणाली, "दे गं. माहेरचा उंबरा आहे." तिला भांडण नको होतं.

दारावर तिने उजवा हात वर नेला. आमच्या दाराच्या चौकटीला मेझुझा असतो. छोटी नळी, आत प्रार्थनेची गुंडाळी. आत जाताना तिला बोटं लावून ती बोटं ओठांना लावायची. आत्याचा हात न बघता बरोबर जागी गेला. तिथे आता एक चौकोनी स्टिकर आहे, फोनने स्कॅन करायचा. आत्याने स्टिकरला हात लावला, बोटं ओठांना लावली आणि आत गेली. दोन पावलं गेल्यावर थांबली. हात साडीला पुसला.

आतमध्ये बोर्ड आहे. इंग्रजी मोठ्या अक्षरांत, मराठी लहान. 'मध्ययुगीन सिनेगॉग. एका लुप्त समाजाची स्मृती.'

आत्याने चष्मा लावून वाचलं. "लुप्त म्हणजे आपण?"

"आपणच."

"मग ह्यांनी तिकीट कोणाला दिलं?"

गाइड मुलगी आली. तन्वी, छातीवर बिल्ला. लोणावळ्याचीच, चांगली मुलगी होती. पाठ केलेलं बोलत होती. "वेलकम. हे सिनेगॉग मे बी बाराव्या शतकातलं आहे. त्या काळी व्यापारी ज्यू समुद्रमार्गे इथे आले."

लोणावळ्याला समुद्रमार्गे. मी काही बोलायच्या आत आत्याने छताकडे बोट केलं. "ते वर काय आहे, बाळा?"

तन्वीने वर बघितलं. छत दोन जाड लोखंडी तुळयांवर उभं आहे. काळा रंग दिला आहे, पण आकार लपत नाही.

"बीम्स आहेत, मॅम."

"रूळ आहेत. आगगाडीचे. बदललेले जुने रूळ, साहेबाने दिले. माझे वडील उचलायला होते. बाराव्या शतकात रेल्वे होती का गं?"

तन्वी हसली. मग माझा चेहरा बघून थांबली. "मॅम, मला जे दिलंय ते मी बोलते."

खरं होतं ते. तिच्यावर चिडून उपयोग नव्हता. पण कोणावर चिडायचं, हे अशा ठिकाणी कधीच सापडत नाही. बोर्ड लिहिणारा तिथे नसतो. त्याने 'मध्ययुगीन' का लिहिलं, याचा मी परतीच्या प्रवासभर विचार केला. आमच्या आजोबांनी बांधलेली वास्तू म्हटलं की नातवंडं असणार. नातवंडं असली की ती विचारायला येणार. बाराव्या शतकाला नातवंडं नसतात.

आता वास्तूबद्दल. भिंती जाड आहेत, चुना नवा आहे. पश्चिमेचं लाकडी कपाट, ज्यात धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या असायच्या, ते उघडं ठेवून आत पिवळा दिवा लावला आहे. गुंडाळ्या केव्हाच इस्रायलला गेल्या. दिव्याखाली काही नाही. लोक त्या नसलेल्याचे फोटो काढतात. बायकांच्या सज्जाकडे जाणारा जिना बंद आहे. आत्याचं लग्न इथे झालं. त्या सज्जात कोण कोण बसलं होतं, ते तिने मला नावांनिशी सांगितलं. तन्वीनेही ऐकलं, आणि मध्येच विचारलं, "रेकॉर्ड करू का, आज्जी?" आत्या म्हणाली, "नको. उद्या ते पण बाराव्या शतकात घालशील."

आणि मग खुर्ची. हॉलच्या एका कोपऱ्यात, मागे लाल मखमलीचा पडदा, वर दोन दिवे. खाली फरशीवर पावलांचे ठसे रंगवले आहेत, फोटो काढणाऱ्याने तिथे उभं राहायचं. शेजारी स्टँड. स्टँडवर पांढरी शाल, निळ्या पट्ट्या, टोकांना गाठी मारलेल्या दोऱ्या. तलीत. प्रार्थनेच्या वेळी पुरुष अंगावर घेतात ती. आमच्या वडिलांना तिच्यातच गुंडाळून पुरलं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"प्रॉप आहे, मॅम. गेस्ट घालतात."

तेवढ्यात एक कुटुंब आलं. माणसाने शाल खांद्यावर टाकली, खुर्चीवर बसला, एक पाय दुसऱ्यावर टाकला. बायको पावलांच्या ठशांवर उभी राहिली. "थोडं सीरियस," ती म्हणाली. "राजासारखं." तो सीरियस झाला. मग तिची पाळी. मग दोघं एकत्र.

मी पुढे झाले. आत्याने माझं मनगट धरलं. "त्यांना कोण सांगणार? बोर्डावर लिहिलंय का?"

लिहिलेलं होतं. 'बसा आणि इतिहासाचा भाग व्हा.'

मी तन्वीला म्हणाले, मॅनेजरला भेटायचं आहे.

मॅनेजर तिशीचा असेल. थंड केबिन, थंड पाण्याच्या बाटल्या, गोड बोलणं. मला अशा गोडपणाचा राग येतो, कारण त्याला धरायला जागा नसते. मी सगळं सांगितलं. बाळ, आठवा दिवस, खुर्ची. मंगळवारी सकाळी न्यायची, संध्याकाळी परत आणून द्यायची. टेम्पो आमचा, लेखी हमी आमची.

"मॅडम, भावना समजतात. पण ती अँटिक आहे. हलवली तर डॅमेज होईल."

"तिच्यावर दिवसभर लोक बसतात."

"बसणं वेगळं, हलवणं वेगळं."

"तिच्यावर कोणी बसायचं नसतं. तेवढ्यासाठीच ती आहे."

"मॅडम, एक्स्पीरियन्स म्युझियम आहे हे. लोकांना हात लावता आला पाहिजे." मग तो पुढे झुकला. त्याला कल्पना सुचली होती. "तुम्हीच इथे या ना. बाळाला घेऊन. फंक्शन इथेच करा. डेकोरेशन आमच्याकडून. गेस्टना पण लाइव्ह बघता येईल. रिअल ज्यूइश सेरेमनी. तुम्हाला हॉलचा चार्ज नाही."

"त्या समारंभात केक कापत नाहीत," मी म्हणाले.

त्याला कळलं नाही. आत्याला कळलं. तिने माझ्या पायावर पाय दिला आणि त्याला म्हणाली, "विचार करून सांगते, बाळा."

बाहेर आल्यावर तलावाच्या कडेला दगडी बाकावर बसलो. तलावात दोन माणसं फुगवलेल्या बदकावर तरंगत होती. मी आत्याला म्हणाले, विचार कसला करायचा त्यात?

"घरातली सगळी पोरं त्याच खुर्चीवर ठेवली."

"म्हणून ह्यालाही ठेवायचं? बदकवाल्यांच्या समोर?"

"चार माणसं बघतील. बाळाला काय कळतंय?"

"मला कळतंय. नेओमीला कळेल."

"तुला राग येतो, तो तू नेहमी आधी बाहेर काढतेस आणि मग हातात काही उरत नाही. मला खुर्ची पाहिजे. मी चौऱ्याऐंशीची आहे. पुढच्या पोराच्या वेळी मी नसेन."

मला तिचाही राग आला. बोर्ड लिहिणाऱ्याचा, शाल अडकवणाऱ्याचा, मॅनेजरचा, आणि तिचा सगळ्यांत जास्त. तिला 'हो' म्हणायचं होतं. ती 'हो' म्हणाली असती तर मी तिला अडवू शकले नसते. बाळाच्या घरातली सगळ्यांत मोठी ती आहे.

ती उठली. "एकदा हात लावून येते," म्हणाली. मी मागे गेले.

कुटुंब गेलं होतं. खुर्ची रिकामी होती. आत्या तिच्या शेजारी उभी राहिली, हात हत्त्यावर ठेवायला उचलला. हात खांद्याच्या उंचीला गेला. तिथे काही नव्हतं. हत्ता तिच्या कमरेशी होता.

ती तशीच उभी राहिली, हात हवेत.

"ही ती नव्हे," म्हणाली. मग वाकून पाठीवरची नक्षी बघितली. द्राक्षांचे घड, मध्ये आजोबांनी कोरून घेतलेलं हिब्रू अक्षर. "तीच आहे." पुन्हा सरळ झाली. "मी लहान झाले की ही?"

ती खुर्ची उंच होती. लग्न झालेल्या आत्याच्या खांद्याला हत्ता लागायचा, असं माझ्या वडिलांनीही सांगितलेलं मला आठवतं. उंच केली होती ती मुद्दाम. बाळाला ठेवणाऱ्याने हात वर करून ठेवायचं. आणि कोणी चुकूनही बसू नये. कोकणातून नव्याने आलेले पाहुणे, दमलेले म्हातारे, खोडकर पोरं, कोणालाही चढता येऊ नये. नियम सांगावा लागत नव्हता. लाकूडच सांगत होतं.

मी खाली बसून बघितलं. चारही पायांच्या तळाला नवे काळे रबर. वर लाकूड सरळ कापलेलं.

"तन्वी," मी म्हणाले, "हिचे पाय कापलेत का?"

"हो, मॅम. खूप उंच होती, कोणाला बसताच यायचं नाही. डिझायनर म्हणाले, डिझाइन फॉल्ट आहे."

मी आयुष्यात बरीच मूर्ख वाक्यं ऐकली आहेत. काही वर्गात शिकवलीही आहेत. पण हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. ज्यांनी ती खुर्ची केली त्यांना एकच गोष्ट साधायची होती. ती त्यांना इतकी साधली होती की शेवटी करवत आणावी लागली.

"तुकडे कुठे आहेत?" आत्याने विचारलं.

"टाकले असतील, आज्जी."

आत्याने पदर डोक्यावर नीट घेतला. खुर्चीसमोर उभी राहून ती हिब्रूत काहीतरी पुटपुटली, एका श्वासाचं. मग तन्वीला म्हणाली, "तुझ्या साहेबाला सांग, आम्ही येत नाही." आणि बाहेर पडली. या वेळी तिने चौकटीला हात लावला नाही.

फाटकाबाहेर तिला चक्कर आल्यासारखं झालं. मी तिला टपरीच्या बाकावर बसवलं. शांतामावशीने न मागता पाणी काढलं. आत्याने पेला घेतला आणि पिता पिता थांबली. माठाखाली बघत होती. चार गोल तुकडे, प्रत्येकाला तीन कड्या, तळाला पत्र्याची टोपी.

"हा पत्रा कोणी मारला?" ती म्हणाली.

"पयल्यापास्नंच हाय. का?"

"वाळवी लागू नये म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा कापून वडिलांनी मारला होता. मी डबा धरला होता."

शांतामावशीने माठाकडे बघितलं, मग फाटकाकडे. तिला लगेच कळलं. "आमचं मालक तितं कामाला हुतं. सुतारानं कापून टाकल्यालं, त्यांनी घरी आनलं चुलीत घालाया. मी म्हन्लं सागवान हाय, जाळू नका."

"मला द्याल का ते?" आत्याने विचारलं.

शांतामावशी लगेच हो म्हणाली नाही. तिने कप विसळले, उलटे ठेवले. मग बोलली, आणि आवाज चढवला नाही.

"आज आलात व्हय. किल्ली आमच्या सासऱ्याच्या हातात दिली आन् समदी गेलात. येतो म्हनलात. म्हातारा मरेस्तवर दर शुक्रवारी झाडलोट करत हुता, सांच्याला बत्ती लावत हुता. आत कोन न्हाई, तरी लावत हुता. तुमची मानसं येतील म्हनायचा. हॉटेलवाला किल्ली मागाया आला. तुमी न्हाई आलात."

मी तोंड उघडलं. माझ्याकडे उत्तरं होती. तेव्हा मी शाळेत होते, जागा कोणी विकली ते आम्हाला कळवलंच नाही, असं बरंच. दिवसभर मी ज्या रागावर चालत होते तो तिच्याकडे माझ्याहून जुना होता, आणि तिचा हिशेब बरोबर होता.

आत्या म्हणाली, "खरं आहे, मावशी. आलो नाही." चौऱ्याऐंशीची बाई साठीच्या बाईला मावशी म्हणाली.

"मग माठ कशावर ठिवू?"

"विटा आणून देते," मी म्हणाले.

"आना की. तुमचं हात बघते."

रस्त्यापलीकडे कोणाच्या तरी बंगल्याचं काम चालू होतं. मी मुकादमाला विचारलं, त्याने घ्या म्हटलं. दोन खेपा केल्या. शांतामावशीने पहिल्या खेपेतल्या दोन विटा परत पाठवल्या, कोपरे उडालेत म्हणून. दुसऱ्या खेपेला माझ्या कुर्त्याचा रंग बघून म्हणाली, "आता जरा कामाला लागल्यासारख्या दिसताय." आत्या हसली. दिवसभरात पहिल्यांदा.

माठ विटांवर बसवला. तुकडे शांतामावशीने स्वतः पाण्याने धुतले, पदराने पुसले आणि आत्याच्या पिशवीत घातले. "पोराचं नाव काय ठिवनार?"

"अजून ठरलं नाही. आठव्या दिवशी ठेवतात."

"कळवा. आन् येऊन सांगा, फोनवर नगं."

परतीच्या लोकलला गर्दी नव्हती. आत्याने पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. तळेगावच्या पुढे ती झोपली. सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी आम्ही घरी पोचलो. तिने दिवे लावले, हाताने डोळे झाकले. झाकलेल्या डोळ्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली.

रविवारी नाना पेठेतला सुतार आला. आमच्या जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची त्याच्यापुढे ठेवली. साधी, पॉलिश उडालेली. त्याने तुकडे हातात घेऊन फिरवले. "हे लाकूड वर आणि ही खुर्ची खाली पाहिजे होती," म्हणाला. मग विचारलं, "एवढी उंच कशाला? बसणार कोण?"

"कोणी नाही," आत्या म्हणाली.

तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणाले, ती सांगते तसं करा. त्याने आतून खुंट्या मारून चारही तुकडे जोडले. खुर्ची विचित्र दिसते. वर फिकट, खाली काळसर, मध्ये जोड उघडा दिसतो. आत्याने पत्र्याच्या टोप्या काढू दिल्या नाहीत.

मंगळवारी त्याच खुर्चीवर बाळाला ठेवलं. ठेवणाऱ्याला हात वर करावे लागले. बाळ रडलं, मग वाइनचा बोळा चोखून गप्प झालं. नाव केलेब ठेवलं. नंतर मलिदा झाला. गोड पोहे, ओलं खोबरं, फळं, एलियाहू हन्नाबीचं गाणं. आत्याने मलिद्याचा एक डबा बाजूला काढला. बुधवारी सकाळच्या लोकलने मी तो कुसगावला पोचवला. शांतामावशीने खाल्ला, साखर कमी आहे म्हणाली. नाव तिने दोनदा म्हणून बघितलं. मी समोरच्या फाटकाकडे बघितलं नाही.

तुम्ही कुसगावला जाणार असाल तर जा. वास्तू बघण्यासारखी आहे. छताकडे बघा. गाइडला रुळांबद्दल विचारा, प्रत्येकाने विचारा. शाल अंगावर घेऊ नका. कोपऱ्यात लाल पडद्यासमोर एक खुर्ची आहे आणि तिच्यावर 'बसा' असं लिहिलं आहे. बसू नका. मी हॉटेलला दोन पत्रं पाठवली आहेत. पहिल्याला उत्तर आलं, फीडबॅकबद्दल आभार. दुसऱ्याला आलं नाही. तिसरं लिहिते आहे. हा राग जावा असं मला वाटत नाही. तो गेला तर खुर्ची खरोखर बाराव्या शतकात जाईल.

सुंतेनंतर मी आत्याला विचारलं, आता पाय काढून खुर्ची टेबलाला परत लावू का? ती नको म्हणाली. खुर्ची खिडकीशी उभी आहे. पाहुणे आले की बघतात, कोणी हात लावतं, एकाने चढायचा प्रयत्न केला आणि आपणच हसून खाली उतरला. आम्ही घरात पाच माणसं आहोत, नेओमी आणि बाळ आले की सात. रात्री सगळे एकत्र जेवायला बसतो तेव्हा एक खुर्ची कमी पडते. मी स्वयंपाकघरातलं स्टूल आणते.